रेडिएटर नसलेली सदाफुली

"आण्णा, बास की! रेडिएटर हाय का तो, तोंडापर्यंत भरायला?"

आण्णानं वळूनसुद्धा बघितलं नाही. बादली तिरकी केली, तळाचं पाणी रोपाच्या बुडाशी ओतलं, आळ्याच्या काठाला पाणी लागलंय का ते बोटानं चाचपलं आणि पुढच्या रोपाकडं सरकला. सकाळची वेळ. डेपोत गाड्या गुरगुरत होत्या, ड्रायव्हर लोक बॉनेट उघडून पाणी बघत होते, आणि वर्कशॉपमागच्या कोपऱ्यात आमचा ड्रायव्हर आण्णा, म्हणजे सिद्राम बिराजदार, बोरगी रूटचा राजा, सदाफुलीची रोपं बुडवत बसला होता.

मी त्याचा कंडक्टर, मुबारक. लोक मास्तर म्हणतात. ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण आमची जोडी अख्ख्या तालुक्याला माहीत होती. एकाच रूटवर आम्ही दोघांनी डोक्याचे केस घालवले. मी त्याच्या डब्यात भाकरीच्या जागी झिजलेला ब्रेक लायनर ठेवला, त्यानं माझ्या चिल्लरच्या पिशवीत बेडूक सोडला. मी घंटीच्या दोरीला पोरांच्या खेळण्यातली चीं-चीं करणारी चिमणी बांधली, तर घाट उतरेपर्यंत प्रत्येक थांब्याला गाडीत चिमणी ओरडत होती. गंमत कळली की आण्णा स्टेअरिंगवर हात आपटायचा आणि ओरडायचा, "तुझ्या मायला, मास्तर!" मागं अख्खी गाडी हसायची. मी नोकरी करत होतो ती त्या एका आरोळीसाठी, असं म्हणलं तरी चालंल.

मग तपासणीत आण्णाचे डोळे नापास झाले. साखरेमुळं डोळ्याच्या मागच्या पडद्याला सूज आली होती. इंजेक्शनं चालू झाली. डॉक्टर म्हणाले, दिवाळीनंतर परत बघू. सूज उतरली तर गाडीवर बसंल, नाही उतरली तर स्टेअरिंग विसरायचं. तोवर लाईट ड्युटी.

लाईट ड्युटी म्हणजे काय, तर बाग.

वाघचौरे मॅडम नुकत्याच डेपो मॅनेजर म्हणून आल्या होत्या. त्यांना तो कोपरा डोळ्यांत सलायचा. मुरूम, काळे दगड आणि दिवसभराचं ऊन. तिथं आधीच्या साहेबांनी लावलेली हिरवळ एका उन्हाळ्यात कागदासारखी झाली होती. मॅडम म्हणाल्या, "इथं दगडच आहेत ना, मग दगडांचीच बाग करू." वर्कशॉपच्या पोरांनी पहारी घेऊन दगड सरकवले, आणि मॅडमनी आपल्या क्वार्टरमधली सदाफुलीची रोपं आणली. पांढरी, मधोमध लाल ठिपका असलेली.

"बिराजदार, हिला ऊन भरपूर लागतं आणि पाणी कमी. दगडांच्या फटींत लावा. बारा महिने हिरवी राहते आणि बारा महिने फुलते."

आण्णानं मान हलवली. आणि रोपं लावली एका रांगेत, बंपरला बंपर लावून.

"अहो, ही बाग आहे. फलाट नाही," मॅडम हसून म्हणाल्या.

आण्णा हसला नाही. हल्ली हसत नव्हता, चिडत नव्हता, कुणी बोलावलं तर यायचा आणि बस म्हणलं तर बसायचा. अंगानं तसाच धिप्पाड, पण कुणी आतनं किल्ली काढून नेल्यासारखा. आणि एक नवीनच खोड लागली होती. बोलताना माझ्या तोंडाकडं बघायचा नाही. कानाकडं बघायचा, खांद्याकडं बघायचा, मागच्या भिंतीकडं बघायचा. एवढ्या वर्षांची संगत, आणि हा माझ्याकडं बघायला तयार नाही. मला राग यायचा. पण राग तरी कुणावर काढणार, समोर माणूसच नव्हता.

ड्रायव्हरची सवय अशी, की सकाळी ड्युटीवर आलं की पहिलं पाणी बघायचं, कमी असलं तर तोंडापर्यंत भरायचं. आण्णानं जन्मभर तेच केलं होतं. बागेतही तेच केलं. रोज सकाळी, गाड्यांच्या नळावरनं बादल्या आणून, एकेक रोप तोंडापर्यंत.

पानं पिवळी पडली. मग देठ काळे झाले. मग रोपं बुडातनं लिबलिबीत होऊन आडवी पडली. आणि वर्कशॉपच्या भिंतीच्या भेगेत आपोआप उगवलेली एक सदाफुली, जिला कुणी चूळभर पाणी घातलं नव्हतं, ती खुशाल फुलत होती.

आण्णानं मेलेली रोपं उपटून ढीग लावला. मॅडमनी दुसरी आणून दिली. दुसऱ्या दिवशी हा परत बादली घेऊन हजर.

मी सगळं करून बघितलं. बादली लपवली, तर तो ऑइलचा डबा धुऊन घेऊन आला. मग मी बादलीच्या बुडाला भोक पाडलं आणि आता तरी आरोळी येईल म्हणून वर्कशॉपच्या दाराआड दबा धरून बसलो. आण्णानं बादली भरली, धार लागलेली बघितली, आणि भोकावर बोट धरून तशीच बागेपर्यंत आणली.

गंमत वाया जाते तेव्हा कसं वाटतं हे ज्याला गमतीची सवय आहे त्यालाच कळंल.

त्या दिवशी मी त्याच्या शेजारी दगडावर बसलो. "आण्णा, वर्कशॉपातला जुना जनरेटर आठवतो का? तो लहानसा, फटफट करणारा."

"हं."

"त्यात कधी पाणी घातलंस?"

"त्यात कशाला घालतील? त्यो वाऱ्यावर थंड हुतोय."

"मग ही बी तसलीच हाय. एअर कूल. हिला रेडिएटर न्हाई."

आण्णा बादली धरून उभा राहिला. भोकातनं पाणी त्याच्या चपलेवर पडत होतं. मग त्यानं बादली खाली ठेवली.

"मग तवाच सांगायचं," तो म्हणाला.

एवढंच. पण त्या महिन्यात तो स्वतःहून बोलला ते तेवढंच.

त्यानंतर त्यानं पाणी बोटानं मोजायला सुरुवात केली. मातीत बोट खुपसायचा. ओल लागली की रोप सोडून द्यायचा. पार कोरडं लागलं तरच मगभर पाणी, तेही दगडाच्या कडेनं. बुडाशी बारीक खडी पसरली, म्हणजे वळवाचं पाणी आलं तरी देठाला चिकटून बसणार नाही. शेंडे खुडायला शिकला, त्यामुळं रोपं उंच न जाता गोल झाली. ऐन उन्हाळ्यात, डांबर चपलेला चिकटत होतं तेव्हा, त्या काळ्या दगडांतनं पांढरी फुलं वर आली. पॅसेंजर बाया फोटो काढायला लागल्या. मॅडम खूश. आण्णाला म्हणलं, "आण्णा, बाग फेमस झाली." तो म्हणाला, "बरं."

मग माझ्या डोक्यात पाट्या आल्या. भंगारात जुन्या पत्र्याच्या पाट्या पडल्या होत्या, गाडीच्या पुढं लावायच्या. मी त्यातनं आमच्या रूटच्या निवडल्या आणि एकेका रोपापुढं खोचल्या. हिवरे. खैराव फाटा. मळा. बोरगी. शेवटी सोन्याळ. प्रत्येक अक्षर हाताच्या पंजाएवढं.

"आण्णा, तुझा रूट आणलाय. बघ, कुठनं कुठं लावलाय."

मी एकेक नाव वाचत गेलो, तो एकेका पाटीवरनं हात फिरवत मागं मागं आला. बोरगीला थांबला. बोरगीला आमचा चहा असायचा, रोजचा, स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर. आण्णा तिथल्या सपाट दगडावर बसला आणि म्हणाला, "च्या सांग."

मी पळतच कँटीनला गेलो. मला वाटलं, किल्ली लागली.

तेव्हापासून रोज दुपारी, खेप संपवून आलो की, आम्ही 'बोरगीला' बसून चहा प्यायचो. त्याच्या जागी माझ्या गाडीवर नवीन ड्रायव्हर आला होता. पोरगं बरं होतं, पण गाडीत कुणी हसायचं नाही. मी आण्णाला म्हणायचो, "दिवाळी होऊ दे. मग त्याला बसवू बागेत."

दिवाळी झाली. तपासणीची तारीख आली. इंजेक्शनं लागू पडतायत असं आण्णाची बायको सांगत होती. पण थोडं कमी पडलं तर? तर मी ते कमी पडलेलं भरून काढणार होतो. मी जिल्ह्याच्या दवाखान्यात डोळे दुखतात म्हणून नंबर लावला, डोळे तपासायच्या अक्षरांच्या तक्त्यापुढं उभा राहिलो आणि वरनं खालपर्यंत अक्षरं पाठ करून आलो. बाहेर येऊन तळहातावर लिहून घेतली.

"आण्णा, परीक्षा फुटली," मी म्हणलं. "पेपर आणलाय."

"कसला?"

"तक्त्याचा. तुला बरंच दिसत असणार. पण एखादं अक्षर अडलं तर? म्हणून पाठ करून ठेवायचं."

तो माझ्या कानाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मला अक्षरं काय पाठ व्हायची न्हाईत."

"अक्षरं न्हाईत, पॅसेंजर हाईत. पहिली ओळ हिवरे. तिथं एकच उतरतो, 'र'. खैराव फाट्याला दोघं, 'ग' आणि 'म'. त्याच्या पुढं मळा, तिघं, 'न', 'ल', 'ट'. बोरगीला चौघं."

"बोरगीला चौघंच?" आण्णा म्हणाला. "बाजार न्हाई व्हय?"

मला एवढा आनंद झाला की हातातला कप लवंडला.

मग रोज एक खेप. पाटीपासनं पाटीपर्यंत चालायचं, थांबायचं, मी दोन टाळ्या वाजवायच्या. गाडीत एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आण्णा पॅसेंजर उतरवायचा, "न, ल, ट," आणि पुढं निघायचा. दोन टाळ्या पडल्या की त्याचा डावा पाय आपोआप खाली दाबला जायचा, क्लचवर दाबल्यासारखा, आणि हळू वर यायचा. त्याला ते ठाऊकही नव्हतं. मी बघून मनात हसायचो. थोड्याच दिवसांत त्याला सोन्याळपर्यंतचा तक्ता असा पाठ झाला, की मलाच अडलं तर तो सांगायचा.

तपासणीच्या आदल्या दिवशी मला राहवलं नाही. आण्णा उद्या परत गाडीवर येणार, तर आज एक तरी गंमत झाली पाहिजे. तो मगभर पाणी आणायला गेला होता तेवढ्यात मी पाट्या फिरवल्या. हिवऱ्याच्या जागी सोन्याळ. बोरगीची पाटी पार शेवटी. आणि बोरगीच्या जागी, आण्णाच्या दगडासमोर, भंगारातल्या सीटवरची पाटी खोचली, 'महिलांसाठी राखीव'. चहा आणला आणि मांडी घालून, श्वास धरून बसलो.

आण्णा आला. रांगेनं एकेका रोपाशी वाकला, बोट खुपसलं, दोन शेंडे खुडले. सगळ्या पाट्यांपुढनं आला. मग येऊन त्याच दगडावर बसला, 'महिलांसाठी राखीव'वर धूळ होती ती तळहातानं पुसली, आणि पाटीकडं मान वाकडी करून म्हणाला, "आज बोरगीला गर्दी न्हाई, मास्तर."

किती महिन्यांनी त्यानं स्वतःहून केलेला पहिला विनोद तो.

माझं हसू नरड्यापर्यंत आलं होतं, तिथंच राहिलं. मी पाटी उपटली आणि त्याच्या समोर धरली. "रंग उडालाय का रं, आण्णा? वाचता येतंय का?"

त्यानं मान डावीकडं केली, मग उजवीकडं.

"न्हाई, चांगलं हाय की. बोरगी."

मी पाटी परत खोचली. कपावर साय धरली होती ती बोटानं काढून फेकली. बरं वाटलं नाही, वाईट वाटलं असंही नाही. नुसतं बधिर. दात काढायच्या आधी सुई देतात आणि आपलाच गाल परका वाटतो, तसं सगळं अंग.

"उद्या लवकरची गाडी धरू," आण्णा म्हणाला.

"हं," मी म्हणलं.

त्याला सांगायला पाहिजे होतं का? काय सांगायचं होतं? जी गोष्ट त्याला माहीत होती तीच?

दुसऱ्या दिवशी आम्ही पॅसेंजर म्हणून निघालो. आण्णा खिडकीपाशी, मी बाजूला. गाडीत कुणीतरी ओळखीचं म्हणालं, "काय आण्णा, परत येताय ना?" आण्णानं मान हलवली. कंडक्टरनं दोन घंट्या दिल्या की सीटखाली त्याचा डावा पाय दाबला जायचा आणि हळू वर यायचा. प्रत्येक थांब्याला. मी खिडकीतनं बाहेर बघत होतो.

दवाखान्यात आण्णाला तक्त्यासमोर उभं केलं. डॉक्टर तरुण होते. एक डोळा झाकायला सांगितला आणि विचारलं, "वाचा, कुठपर्यंत दिसतं?"

आण्णा उभा. मी दाराजवळच्या बाकड्यावर. तोंडातल्या तोंडात माझा 'र' तयार होता.

"बाबा, वरचं मोठं अक्षर?"

"पाठ हाय, साहेब," आण्णा म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे सगळं पाठ हाय. दिसत न्हाई."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं.

"म्हणून दावू का?" आण्णानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता सुरू केलं. "हिवरे, र. खैराव फाटा, ग म. मळा, न ल ट." बोरगीचे चौघे उतरवले, पुढचा ओढा ओलांडला, सोन्याळपर्यंत गेला. एक अक्षर चुकलं नाही. तेवढा वेळ तो तक्त्याकडं नाही, तक्त्याच्या बाजूच्या कॅलेंडरकडं बघत होता.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग दिसतं काय काय?"

"कडंचं दिसतंय. मधलं न्हाई. मधी डाग हाय." त्यानं डॉक्टरांकडं मान वळवली. "आता तुमचे दोन्ही कान दिसत्यात. तोंड न्हाई दिसत."

मी इतके महिने ज्याच्यावर रागावत होतो, ते हे होतं. तो माझ्या कानाकडं बघायचा, ते मला बघायला.

बाहेर आलो. नापासाचा कागद खिशात. गाडीला वेळ होता म्हणून गाड्यावर चहा घेतला.

"मग पाठ कशाला केलंस?" मी विचारलं.

"तू हौसेनं शिकवत हुतास."

"एवढ्यासाठी?"

आण्णानं कप फुंकला. "आणि रोज एक खेप तर व्हायची."

मग तोच म्हणाला, "काल तू पाट्या फिरवल्या हुत्यास ना?"

"तुला कसं कळलं? दिसलं?"

"दिसतंय कुठलं. तू दम धरून बसला हुतास. गंमत केलीस की तसाच बसतोस, जन्मापासनं. मी वाट बघत हुतो, आता हसंल, मग हसंल. हसलाच न्हाईस. मग म्हणलं, ह्याला कळलंय." त्यानं एक घोट घेतला. "काय लिवलं हुतं?"

"महिलांसाठी राखीव."

आरोळी येईल असं मला वाटलं. खरंच वाटलं. आण्णानं मान हलवली आणि उरलेला चहा संपवला.

डेपोत पोचलो तेव्हा माझ्या दुपारच्या खेपेची वेळ झाली होती. नवीन ड्रायव्हर गाडी फलाटाला लावून हॉर्न देत होता. आण्णा सरळ बागेकडं गेला. मी मागोमाग गेलो आणि काही न बोलता पाट्या काढायला लागलो.

"काढू नगस," तो म्हणाला. "जाग्यावर लाव. बोरगीची आधी लाव, च्या चुकायचा."

मी लावल्या. हिवरे, खैराव, मळा, बोरगी, सोन्याळ. तो दगडावर बसून शेजारच्या रोपाचं एक फूल बोटांत धरून होता. खुडलं नव्हतं, नुसतं धरलं होतं. मान सरळ होती. बऱ्याच दिवसांत त्याची मान सरळ बघितली नव्हती.

"मास्तर, एक सांगू का? हे तेवढं मला बराबर दिसतंय."

"काय?"

"हे फूल. तुझ्या तोंडाच्या मधी डाग, मॅडमच्या तोंडाच्या मधी डाग, बायकोच्या बी. ह्याला मुळातच मधी डाग हाय. जसं हाय तसं दिसतंय."

नवीन ड्रायव्हरनं परत हॉर्न दिला.

"जा," आण्णा म्हणाला. "गाडी उभी हाय."

त्यानं पुढच्या महिन्यात नोकरी सोडायच्या कागदावर चाचपत अंगठ्यासारखी सही केली आणि घरी बसला. ती सदाफुली आहे अजून तिथं. रांग मोडली, बी पडून दगडादगडांत पसरली. नवीन आलेली पोरं पाण्याची बादली उचलायला लागली की मी सांगतो, ठेव खाली, एअर कूल हाय. पाट्या गंजल्या तशा मी दोनदा रंगवल्या.

पण त्या दुपारी मी धावत गाडीत चढलो, दार ओढलं आणि दोरी दोनदा ओढली. टण टण. गाडी वळली तेव्हा मागच्या काचेतनं बाग दिसली. आण्णा 'बोरगी'पाशी बसला होता, दोन्ही हात मांडीवर. घंटी त्याच्यापर्यंत गेली असणार, कारण त्याचा डावा पाय खाली दाबला गेला.

मी काचेला नाक लावून उभा राहिलो. आता वर येईल, मग वर येईल. गाडी गेटातनं बाहेर पडली, रस्त्याला लागली. तोवर काही तो पाय वर आला नव्हता.